बागेआधीची जमीन: फरसबंदी आणि लागवडीपूर्वी घराभोवतीची जागा कशी तयार करावी

पायाखालची माती (धागालेखिका)

घर बांधून झाले की भोवती उरलेल्या मोकळ्या जागेकडे आपण एकसंध जमीन म्हणून पाहतो. तिच्या एका भागावर पेव्हर बसणार असतात, दुसऱ्या भागात हिरवळ आणि झाडे येणार असतात, पण यंत्र एकच, मजूर तेच आणि "सगळे एकदा सपाट करून घ्या" ही सूचनाही एकच असते. माझ्या मते पुढच्या बहुतेक बिघाडांचे मूळ या एका सूचनेत आहे. ज्या जमिनीवर आपण चालणार किंवा गाडी लावणार आहोत ती घट्ट बसलेली हवी आणि जिच्यात मुळे जाणार आहेत ती पोकळ राहायला हवी. एकाच आवारात शेजारीशेजारी अशा दोन विरुद्ध गुणांच्या जमिनी तयार करायच्या असतात, आणि त्यांच्यामधली रेघ पहिले यंत्र फाटकातून आत येण्याआधी फक्की (पांढरी पूड) मारून आखलेली असली पाहिजे. हा धागा त्या एका रेघेसाठी काढला आहे.

हे मी स्वतः नुकसान सोसून लिहीत आहे. आमच्या घराचे काम संपल्यावर दोनच महिन्यांत आम्ही मागच्या बाजूला पेव्हर बसवून घेतले. काम दिसायला सुरेख झाले होते. पहिल्या पावसाळ्यात भिंतीलगतची साधारण ६० सेंटीमीटर रुंदीची पट्टी खचली, पेव्हरचा उतार उलटा म्हणजे भिंतीकडे झाला, पाणी जोत्याला लागून साचू लागले आणि आतल्या खोलीत हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटले. पेव्हर उचलून खणले, तेव्हा खाली विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, वाळून दगड झालेले सिमेंट-वाळूच्या मालाचे गोळे आणि त्यांच्या मधोमध मूठ सहज आत जाईल एवढ्या पोकळ्या निघाल्या. पायाच्या खड्ड्यात भिंतीबाहेर उरलेल्या जागेत राडारोडा ढकलून वरून माती पसरलेली होती. मी १२ मिलिमीटरची एक सळई त्या जागी नुसत्या हाताने दाबली, तर ती जवळजवळ अर्धा मीटर आत गेली. तीच सळई सहा पावलांवर, जिथे मला वाफा करायचा होता तिथे, चार बोटांच्या पुढे जाईना, कारण वर्षभर खडी-वाळूचे ट्रक तिथेच उभे राहत होते. जिथे घट्ट हवी तिथे पोकळ आणि जिथे पोकळ हवी तिथे घट्ट, अशी माझी जमीन नेमकी उलटी तयार झालेली होती.

यामागचे कारण सोपे आहे. खोदून बाहेर काढलेली साधी माती मूळ आकारमानापेक्षा साधारण २० ते ३० टक्के फुगते. तीच माती सैल टाकली, की पुढची काही वर्षे ती आपल्या गतीने बसत राहते, आणि तिच्यावर जे काही बांधले असेल तेही तिच्यासोबत खाली जाते. त्यामुळे भिंतीलगतचा भराव, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांचे बुजवलेले चर, जुन्या खड्ड्यांच्या जागा या सर्व ठिकाणी फरसबंदीपूर्वी सळई रोवून पाहावी. सळई सहज आत गेली तर तो भाग उकरून, राडारोडा बाहेर काढून, १५ सेंटीमीटरच्या थरांनी पुन्हा भरून प्रत्येक थर धुमसावा, म्हणजे ठोकून दाबावा. आम्हाला हे सगळे काम ९० सेंटीमीटर खोलीपर्यंत नव्याने करावे लागले.

आता पाण्याविषयी, कारण जागेची आखणी शेवटी तेच ठरवते. जोराचा पाऊस चालू असताना आवारात एक फेरी मारावी आणि पाणी कुठून येते, कुठे थबकते, कुठून बाहेर पडते हे खुंट्या ठोकून नोंदवावे. पाऊस थांबल्यावर तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावे. छपराच्या पन्हाळीचे पाणी कुठे पडते हेही याच फेरीत कळते. मातीच्या जमिनीला घरापासून पहिल्या ३ मीटरांत किमान ५ टक्के, म्हणजे १५ सेंटीमीटर उतार हवा. पक्क्या पृष्ठभागाला २ टक्के, म्हणजे त्याच ३ मीटरांत ६ सेंटीमीटर उतार पुरतो. डोळ्याला २ टक्के उतार दिसतही नाही, म्हणून "अंदाजाने देतो" हे उत्तर स्वीकारू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढायला दोन माणसे आणि अर्धा तास लागतो. पाण्याला बाहेर पडण्याची जागा मात्र आपल्याच हद्दीत किंवा अधिकृत नालीत असावी. शेजारच्या आवारात ते लोटणे बहुतेक ठिकाणी कायद्यालाही धरून नसते आणि शेजारधर्मालाही.

जमीन पाणी किती जिरवते हे मोजणे त्याहून सोपे आहे. ३० सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा आणि पूर्ण जिरू द्यावा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भरावा, आडवी काठी ठेवून तिच्यापासून पाण्याची पातळी दर तासाला मोजावी. पहिल्या दिवसाचे माप धरू नये, कारण कोरडी माती सुरुवातीला अधाशासारखे पाणी ओढते आणि फसवे चित्र उभे करते. तासाला २.५ ते ७.५ सेंटीमीटर उतरत असेल तर बहुतेक झाडांना ती जमीन चालते. त्याहून कमी असेल तर निचऱ्याची सोय लागवडीपूर्वी विचारात घ्यावी लागते. आवार लहान असले तरी निदान तीन ठिकाणी खड्डे घ्यावेत.

लेव्हलचा हिशेब वरून खाली करावा, कारण खणायला सुरुवात झाल्यावर तो जुळवता येत नाही. जोत्यातील ओलावा रोखणारा थर, म्हणजे डीपीसी, जिथे असेल त्याच्या खाली किमान १५ सेंटीमीटरवर बाहेरच्या फरसबंदीचा माथा यायला हवा. त्या माथ्यापासून ६ सेंटीमीटरचा पेव्हर, २.५ सेंटीमीटर वाळू आणि पायवाटेसाठी १५ सेंटीमीटर दाबलेला खडीचा थर धरला, तर खणायची पातळी माथ्याखाली २३.५ सेंटीमीटर येते. गाडी जाणार असेल तर खडीचा थर २० ते ३० सेंटीमीटर धरावा आणि खणणे त्या प्रमाणात वाढवावे. दाबलेला १५ सेंटीमीटर थर मिळवायचा तर सैल माल १८ ते २० सेंटीमीटर पसरावा लागतो, हे खडी मागवतानाच लक्षात घ्यावे. हा हिशेब न केल्यामुळे पेव्हर दाराच्या उंबऱ्याला भिडलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत, आणि तिथे पाणी आत येण्यापासून रोखायला फार थोडे उपाय उरतात.

सपाटीकरणापूर्वी वरची १० ते १५ सेंटीमीटर सुपीक माती खरवडून वेगळी ठेवावी. ती फरसबंदीखाली राहिली तर तिच्यातील सेंद्रिय भाग कुजून जमीन खचते, आणि खालच्या मातीत मिसळली तर बागेसाठी हातात काहीच उरत नाही, म्हणजे दोन्हीकडे तोटा. ढीग दीड मीटरपेक्षा उंच करू नये, कारण उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि मातीतले जीवन मरते. खोलवरून काढलेल्या अशा मातीला आंबूस, सडका वास येतो. निरोगी मातीचा पहिल्या पावसासारखा वास एकदा नाकात बसला की दोन्हींतला फरक लगेच कळतो.

जमिनीखालच्या वाहिन्यांबद्दल थोडक्यात लिहिते. खणण्यापूर्वी वीज, पाणी, गॅस आणि सांडपाणी यांच्या वाहिन्यांचे मार्ग संबंधित विभागांकडून निश्चित करून घ्यावेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना यंत्र न वापरता हाताने खणावे आणि चर बुजवण्याआधी टेप मांडून फोटो काढावा. प्रत्येक पायवाटेखालून एक-दोन मोकळे पीव्हीसी पाइप आडवे टाकून त्यांची तोंडे बंद करून ठेवावीत. ठिबकाची नळी किंवा दिव्याची वायर पुढे न्यायची झाली की त्यांची किंमत कळते. तणांपैकी हरळी आणि लव्हाळा या दोघांचा बंदोबस्त आत्ताच करावा. लव्हाळ्याच्या गाठी मातीत राहिल्या तर पेव्हरच्या सांध्यांतून ते वर येते आणि मग उपटण्याचा उपयोग होत नाही.

आपापले अनुभव आणि मतभेद जरूर लिहावेत.

नवे अंगण

अतिशय वेळेवर आलेला धागा आहे. आमचे बांधकाम गेल्या महिन्यात संपले असून पुढच्या बाजूला गाडीसाठी फरसबंदी आणि मागे बाग असा बेत आहे. दोन प्रश्न आहेत. आमचे गवंडी म्हणतात की भरावात पाणी सोडून तो एक पावसाळा तसाच राहू द्यावा, म्हणजे धुमसण्याची गरज राहत नाही. हे बरोबर आहे का? दुसरे म्हणजे, मागच्या बाजूला एक जुने मोठे झाड आहे. त्याच्या बुंध्यापर्यंत जमीन उंच करून सपाट करावी असे सुचवले जात आहे. झाड वाचवणे ही आमची पहिली इच्छा आहे.

घनता

मी स्थापत्य अभियंता असून रस्त्यांच्या कामावर बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. पाणी सोडून भराव बसवण्याची पद्धत स्वच्छ वाळूत काही प्रमाणात चालते, कारण वाळूच्या कणांमधून पाणी खाली निघून जाताना कण एकमेकांत बसतात. चिकणमातीत पाणी अडकून राहते, माती मऊ होते आणि वाळल्यावर वरचे कवच तेवढे कडक दिसते. एक पावसाळा थांबल्याने उथळ भराव थोडाफार बसतो हे खरे, आणि घाई नसेल तर थांबावेच. पण मीटरभर खोल भरावाला तेवढ्याने भागत नाही आणि त्यानंतरही थराथराने दाबण्याला पर्याय उरत नाही.

दाबताना ओलावा योग्य असणे हे यंत्राच्या वजनाइतकेच महत्त्वाचे असते. अमेरिकेतील अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी धरणांच्या मातीभरावावर काम करताना १९३३ मध्ये दाखवून दिले, की ठरावीक श्रमाने दाबलेली माती एका विशिष्ट ओलाव्यालाच सर्वात जास्त घट्ट होते. त्याहून कोरडी असेल तर कण एकमेकांवर सरकत नाहीत आणि त्याहून ओली असेल तर पोकळ्यांत भरलेले पाणीच कणांना दूर ठेवते. प्रयोगशाळेत मिळालेल्या त्या कमाल घनतेच्या ९५ टक्के घनता जागेवर मिळावी, अशी अट फरसबंदीखालच्या भरावाला सामान्यतः घालतात. घरगुती कामात प्रयोगशाळा नसली तरी मुठीची परीक्षा करता येते. मूठभर माती घट्ट दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. गोळा दोन-तीन तुकड्यांत फुटला तर ओलावा बरोबर आहे. भुगा झाला तर पाणी शिंपडावे. आणि तळहात ओला झाला किंवा गोळा चपटा होऊन पडला तर त्या दिवशी काम थांबवावे.

यंत्राच्या निवडीतही चूक होते. कंप देणारी प्लेट खडी-वाळूवर उत्तम चालते, पण चिकणमातीला उड्या मारून ठोकणारा रॅमर लागतो. लहान प्लेटचा परिणाम १० ते १५ सेंटीमीटरच्या खाली पोचत नाही, म्हणून अर्धा मीटर माती एकदम टाकून वरून चार फेऱ्या मारल्या तर फक्त वरचा पापुद्रा घट्ट होतो. कुंपणाच्या किंवा तळघराच्या भिंतीलगत मात्र जड यंत्र नेऊ नये, कारण मातीचा आडवा दाब भिंतीला ढकलतो. तिथे थर आणखी पातळ करून हाताने धुमसावे.

खालची जमीन चिकण असेल तर खडी टाकण्यापूर्वी तिच्यावर विलगीकरणाचे जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे आणि जोडांवर किमान ३० सेंटीमीटर एकावर एक चढवावे. ते नसेल तर पावसाळ्यात चाकाच्या दाबाने चिखल खडीत वर चढतो, खडी चिखलात उतरते आणि आपण पैसे मोजलेला थर दोन-तीन वर्षांत नाहीसा होतो. खडीचा थर पेव्हरच्या कडेपेक्षा १५ सेंटीमीटर बाहेरपर्यंत न्यावा, म्हणजे कडेच्या बांधाला टेकू मिळतो. शेवटची विनंती अशी, की खडीतील खड्डे वाळूने भरून लेव्हल जुळवू देऊ नका. खडीचा माथा ३ मीटरांत १ सेंटीमीटरपेक्षा जास्त वरखाली नसावा. जिथे वाळू जाड पडते, तिथे पेव्हर सर्वात आधी खचतो.

हिरवी सावली

झाडाबद्दल मी लिहिते. कृपया बुंध्याशी एक टोपलीही माती टाकू नका. झाडाची बहुतेक मुळे वरच्या ४५ ते ६० सेंटीमीटर मातीत असतात आणि ती श्वास घेतात. त्यांच्यावर १०-१५ सेंटीमीटर भराव पडला तरी काही जातींच्या मुळांना हवा कमी पडू लागते, आणि झाड लगेच न मरता दोन-तीन वर्षांत शेंड्याकडून वाळत येते. तोवर कारण काय होते हे सगळे विसरलेले असतात. बुंध्याभोवती माती चढली तर साल सतत ओली राहून कुजते, ते वेगळेच.

राखून ठेवायचे क्षेत्र असे काढावे: जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बुंध्याचा व्यास मोजावा आणि त्याला १२ ने गुणावे. समजा घेर १२५ सेंटीमीटर भरला, तर त्याला ३.१४ ने भागून व्यास सुमारे ४० सेंटीमीटर आणि राखीव वर्तुळाची त्रिज्या ४.८ मीटर येते. एवढ्या वर्तुळाला काम सुरू होण्याआधी पक्के कुंपण घालावे; नुसती पट्टी बांधून उपयोग होत नाही, कारण दुपारी सावली शोधत ट्रक तिथेच येऊन उभा राहतो. आत खडी, विटा, सिमेंट काहीही उतरवू नये. याच वर्तुळातून पायवाट न्यावीच लागली, तर न खणता मूळ जमिनीवर जिओसेलची (पोळ्यासारख्या कप्प्यांची) जाळी अंथरून तिच्यात बारीक चुरा नसलेली खडी भरावी, म्हणजे भार पसरतो आणि हवा-पाणी खाली जात राहते. २५ मिलिमीटरपेक्षा जाड मूळ दिसले तर जाणकाराला विचारल्याशिवाय तोडू नये.

धागालेखिकेने राडारोड्याच्या खचण्याबद्दल लिहिले आहे. त्याच्या विषाबद्दल मी भर घालते. मिक्सर आणि घमेली जिथे धुतली जातात तिथल्या मातीत सिमेंटचे पाणी मुरते, आणि ओल्या सिमेंटच्या पाण्याचा सामू (पीएच) १२ ते १३ असतो. अशा जागी लावलेल्या झाडाची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात, कारण अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. मग लोक खते घालत राहतात. त्या जागेची पांढुरकी, कडक माती काढून टाकणे हाच खरा उपाय आहे. धुण्याची जागा काम चालू असतानाच ठरवून दिली आणि ती पुढे फरसबंदीखाली जाईल अशी निवडली, तर हा त्रास उद्भवतच नाही.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. निचरा व्हावा म्हणून वाफ्याच्या तळाशी खडीचा थर टाकतात. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते सूक्ष्म पोकळ्यांमध्ये धरून राहते, त्यामुळे मुळांचा ओला थर उलट वर सरकतो. त्याऐवजी खालची घट्ट जमीन ३० ते ४५ सेंटीमीटर खोल मोकळी करावी, काढून ठेवलेली माती परत पसरावी आणि वरच्या १५-२० सेंटीमीटरमध्ये ५ सेंटीमीटर चांगले कुजलेले कंपोस्ट मिसळावे. चिकणमातीत थोडीशी वाळू घालून ती सुधारत नाही, हेही इथे सांगून ठेवते.

उताराची बाजू

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक व्यावहारिक अडचण मांडतो. लहान आवारात वरची माती खरवडून ठेवायला जागाच नसते. आमच्याकडे दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दोन मीटर आणि मागे थोडीशी मोकळी जागा होती. ढीग ठेवला तर यंत्र फिरत नाही, आणि बाहेर नेऊन परत आणायचे म्हणजे दुप्पट वाहतूक. शेवटी आम्ही वरची माती सोडून दिली आणि बागेसाठी नवी विकत घेतली. सरसकट हा आग्रह धरणे योग्य आहे का?

पायाखालची माती

आपला मुद्दा रास्त आहे आणि तो माझ्या लेखात यायला हवा होता. लहान आवारात मी आता दोन टप्प्यांत काम सुचवते. आधी फरसबंदीची बाजू खरवडून ती माती लागवडीच्या बाजूवर, प्लास्टिक किंवा गोणपाट अंथरून, कंबरेएवढ्या उंचीत पसरून ठेवावी. फरसबंदी पूर्ण झाल्यावर त्या ढिगाखालची जमीन मोकळी करून तीच माती तिथेच पसरायची. त्यामुळे माती आवाराबाहेर जात नाही आणि लागवडीच्या जागेवर यंत्र चढण्याचा मोहही आपोआप टळतो, कारण तिथे ढीग असतो.

विकतच्या मातीबद्दल मला खरी काळजी वाटते. ती कुठल्या जागेच्या किती खोलीवरून आली हे सांगणारे कोणी नसते, आणि तिच्यासोबत लव्हाळ्याच्या गाठी हमखास येतात. घेणे भाग असेल तर आधी काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी भरून जोरात हलवावे. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा साधारण दोन तासांत आणि चिकण भाग बसायला एक-दोन दिवस लागतात. थरांची जाडी मोजली की आपल्या जमिनीशी ती कितपत मिळते हे कळते. फार वेगळ्या पोताची माती जुन्या जमिनीवर नुसती ओतली, तर दोन्हींच्या सीमेवर पाणी अडते. हिरवी सावली यांनी खडीबद्दल जे लिहिले तेच इथेही घडते. म्हणून पहिला पातळ थर खालच्या मातीत फावड्याने मिसळून मगच उरलेली पसरावी.

नवे अंगण

सर्वांचे मनापासून आभार. झाडाचा घेर १४१ सेंटीमीटर भरला, म्हणजे त्रिज्या सुमारे ५.४ मीटर आली, आणि काल बांबू व पत्रे लावून कुंपण घातले. ट्रकसाठी पुढच्या बाजूला, जिथे पुढे गाडीची फरसबंदी होणार आहे, तिथेच जागा ठरवून दिली.

दोन दिवस खड्ड्यांची मापे घेतली. पुढच्या खड्ड्यात तासाला ४ सेंटीमीटर पाणी उतरले. मागच्या खड्ड्यात तासाला जेमतेम ८ मिलिमीटर उतरले आणि सकाळी गेलो तेव्हाही तळाशी पाणी उभे होते. मागे शोषखड्डा घ्यावा आणि त्यात छपराचे पाणी सोडावे असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

घनता

तासाला ८ मिलिमीटर जिरवणाऱ्या जमिनीत शोषखड्डा घेतला तर तो पहिल्याच मोठ्या पावसात भरून राहील. शिवाय शोषखड्डा घरापासून किमान ५ मीटर दूर असावा लागतो, आणि आपले राखीव वर्तुळ पाहता ती जागा आपल्याकडे उरत नसावी. छपराचे पाणी बंद पाइपने पुढच्या बाजूला आणणे शक्य आहे का, ते आधी पाहा. मात्र निर्णयापूर्वी मागच्या खड्ड्याचे कारण शोधायला हवे. जमीन मुळातच तशी चिकण आहे, की वरचा थर दाबला गेला आहे? त्याच खड्ड्याशेजारी, कुंपणाच्या बाहेर, ६० सेंटीमीटर खोल खणून बाजू सुरीने तासून पाहा.

नवे अंगण

आज खणले. वरच्या पाच-सहा सेंटीमीटरखाली करड्या रंगाचा थर लागला. पहार मारली की त्याचे ताटलीसारखे आडवे पापुद्रे निघत होते आणि त्यात एकही मूळ नव्हते. एका ठिकाणी एक बारीक मूळ त्या थरापर्यंत येऊन काटकोनात वळलेले आणि त्यावरून आडवे पसरलेले स्पष्ट दिसले. हा थर साधारण ३५ सेंटीमीटर खोलीपर्यंत होता. त्याच्या खाली तांबूस, हाताने फुटणारी माती होती आणि तिच्यात जुन्या मुळांच्या नळ्या होत्या. त्या खालच्या भागात पाणी ओतले तर ते तासाला ५ सेंटीमीटर उतरले.

हिरवी सावली

ही चांगली बातमी आहे. तुमची जमीन मुळात निरोगी आहे आणि दोष फक्त वरच्या ३५ सेंटीमीटरमध्ये, म्हणजे बांधकामाच्या वाहनांनी दाबलेल्या थरात आहे. चिकण अंश असलेल्या मातीचे दर घन सेंटीमीटरला वजन साधारण दीड ग्रॅमच्या पुढे गेले की मुळे आत शिरू शकत नाहीत, आणि तुम्ही पाहिलेले काटकोनात वळलेले मूळ तेच सांगते आहे. हा थर फोडूनच लागवड करा. झाडाच्या वर्तुळात मात्र यंत्र चालवू नका. तिथे जमिनीवर ५ ते ७ सेंटीमीटर पालापाचोळा अंथरून, तो बुंध्यापासून वीतभर दूर ठेवून, गांडुळांना आणि मुळांना त्यांचे काम करू द्या. त्याला वेळ लागेल, पण मुळे तुटणार नाहीत.

पायाखालची माती

थर फोडण्याची वेळ फार महत्त्वाची आहे. माती ओली असताना लोखंडी दात फिरवले तर थर फुटण्याऐवजी चिरला जातो आणि चिरेच्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्या पापुद्र्यांमधले एक ढेकूळ ३० सेंटीमीटर खोलीवरून काढून हातात मोडा. ते कुरकुरीत आवाज करून तुटले तर काम सुरू करावे. वाकून मग तुटले तर आणखी थांबावे. फोडल्यानंतर त्यावर ट्रक किंवा रोलर पुन्हा कधीही चढणार नाही याची खात्री करून मगच सुरुवात करा, म्हणजेच पुढची फरसबंदी आधी पूर्ण होऊ द्या.

नवे अंगण

तीस सेंटीमीटरवरचे ढेकूळ आज वाकले, तुटले नाही. त्यामुळे मागचे काम थांबवले आहे आणि पुढच्या बाजूची आखणी सुरू केली आहे. फक्कीची रेघ दाराच्या कोपऱ्यापासून झाडाच्या कुंपणाला वळसा घालून फाटकापर्यंत काढली, आणि तिच्या मागे कोणतेही वाहन जाणार नाही असे यंत्राच्या चालकाला रेघेवर उभे राहून सांगितले. डीपीसीपासून खाली मोजत आलो, तर खणण्याची पातळी आम्हाला आधी सांगितलेल्या पातळीपेक्षा ११ सेंटीमीटर खाली निघाली. गवंड्यांनी नळीने स्वतः पुन्हा मोजून पाहिले आणि खुंट्या बदलल्या. ढेकळाची परीक्षा आता दर आठवड्याला करून इथे लिहीन.